फिरत्या त्रिकोणाच्या गावी

हिरोशिमास जाणाऱ्या परदेशी प्रवाशास बहुधा एकच स्थळ पाहावयाचे असते. त्या घुमटाच्या सांगाड्यासमोर उभे राहिले असता मनात काय येते हे पुष्कळांनी लिहून ठेविले आहे, व त्यात भर घालण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्हीही तेथे गेलो, नदीच्या काठी तासभर बसलो आणि फारसे न बोलता ट्रामच्या थांब्यावर परत आलो. परंतु आमचे या शहरी येण्याचे मूळ कारण निराळे होते. आम्हांस जुन्या यंत्रांचा नाद आहे हे आमचे एक तरुण स्नेही जाणून आहेत. नोकरीनिमित्त ते तेथे काही वर्षे राहतात. त्यांनी कळविले, “काका, आमच्या पलीकडच्या गल्लीत एक म्हातारा कारागीर जुन्या कॉस्मो गाडीचे एंजिन खोलणार आहे. असले एंजिन उघडलेले पाहावयास पुन्हा मिळेलच असे नाही. यावयाचे तर याच आठवड्यात या.” आम्ही जपानातच होतो. तेव्हा क्योटोची उरलेली देवळे तशीच सोडून आम्ही आगगाडीत बसलो.

या शहरास दुरुस्तीची विद्या कशी अवगत आहे, हे येथील ट्रामवरूनच कळते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सारे शहर जळून गेले, आणि ९ तारखेस, म्हणजे अवघ्या तिसऱ्या दिवशी, मार्गाच्या एका लहानशा तुकड्यावर ट्राम पुन्हा धावू लागली. त्या अग्नीतून निघालेल्या काही गाड्या दुरुस्त करून पुढे कित्येक दशके वापरल्या गेल्या. आम्ही ज्या गाडीत बसलो ती नवी, गुळगुळीत होती. तरीही वळणावर चाकांचा जो कर्कश आवाज झाला, तो ऐकून आम्हांस ही हकीकत आठवल्यावाचून राहिली नाही.

कारागिराकडे जाण्यापूर्वी मोटारींचा कारखाना व त्याचे संग्रहालय पाहावे, असा आमच्या स्नेह्यांचा आग्रह पडला. हिरोशिमाच्या मुख्य स्थानकापासून पूर्वेकडे दुसरे स्थानक मुकाइनादा. कारखाना तेथून जवळच आहे. शहर व कारखाना यांच्या मध्ये हिजियामा नावाची टेकडी आहे. टेकडी कसली, आमच्याकडील माणूस तिला उंचवटाच म्हणेल. परंतु त्या दिवशी स्फोटाचा मारा तिने बराचसा आपल्या अंगावर घेतला व कारखाना उभा राहिला. सरकारी कचेऱ्या नष्ट झालेल्या असल्यामुळे त्या प्रांताचा कारभार पुढे काही महिने याच कारखान्याच्या इमारतीतून चालला. मूळचा धंदा बुचांचा. १९२० साली ही मंडळी बुचाच्या झाडाच्या सालीपासून माल काढीत असत. १९३१ पासून तीनचाकी मालगाड्या करू लागली आणि पुढे मोटारींकडे वळली. आज जगास हे नाव माझदा म्हणून माहीत आहे.

संग्रहालय पाहण्यास आधी नाव नोंदवावे लागते. आत तीनचाकी आहे, १९६० सालची बाहुलीच्या गाडीएवढी छोटी मोटार आहे, आणि नारिंगी व हिरव्या रंगाची ती ५५ क्रमांकाची गाडी आहे, जिने १९९१ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. तो मान मिळविणारी ती पहिली जपानी गाडी. पण आमचे पाय खिळले ते एका पांढऱ्या, ठेंगण्या, दोन माणसांच्या गाडीपाशी. ती कॉस्मो स्पोर्ट, ३० मे १९६७ रोजी बाजारात आलेली. तिची उंची आमच्या छातीपर्यंतही येईना. मागचे दिवे असे बसविलेले की मधून धक्कापट्टी जाते व दिव्याचा अर्धा भाग वर आणि अर्धा खाली राहतो. आतल्या बैठकींवर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे कापड आणि सुकाणूचक्रास लाकडाची कड. वजन ९४० किलो. किंमत त्या वेळी १४ लाख ८० हजार येन.

परंतु या गाडीचे खरे वैशिष्ट्य तिच्या झाकणाखाली आहे, आणि ते समजल्यावाचून पुढील हकीकतीत वाचकांस गोडी वाटणार नाही. साध्या मोटारीच्या एंजिनात दट्ट्या नळकांड्यात वरखाली जातो आणि त्या वरखाली गतीचे फिरणे करावे लागते. शिवणयंत्राची पायपट्टी वरखाली होते व चाक फिरते, तसाच प्रकार. फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन मनुष्यास हा खटाटोप नको होता. (हा गृहस्थ वंदनीय खास नव्हता. हिटलरच्या पक्षाशी त्याचा संबंध फार जुना. मोटारीच्या इतिहासात त्याचे नाव अमर झाले, आणि गाडी हाकण्याचा परवाना मात्र त्याने जन्मात काढला नाही असे सांगतात.) त्याच्या एंजिनात दट्ट्या नाही व झडपाही नाहीत. एक धातूचे कवच आहे. त्याच्या आतील पोकळीचा आकार दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा, मध्ये किंचित आवळलेला. त्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण असा फिरतो की त्याची तिन्ही टोके सदैव भिंतीस टेकलेली राहावी. त्रिकोण व भिंत यांच्या मधल्या तीन पोकळ्या आळीपाळीने लहान-मोठ्या होतात आणि प्रत्येकीत पेट्रोल व हवा शिरणे, दाबले जाणे, पेटणे आणि धूर होऊन बाहेर पडणे ही चारही कामे क्रमाने होत राहतात. त्रिकोणाचा एक वेढा होतो तेव्हा मधला दांडा तीन वेढे घेतो. कॉस्मोत असे दोन त्रिकोण एकामागे एक आहेत. प्रत्येकाची पोकळी ४९१ घनसेंटिमीटरची व दोहोंची मिळून शक्ती ११० अश्वांची.

कागदावर ही रचना इतकी साधी दिसते की इतर सारी एंजिने मूर्खपणाची वाटू लागतात. खरे दुखणे त्रिकोणाच्या टोकांशी आहे. तेथे खाचेत एकेक बारीक पट्टी बसविलेली असते व स्प्रिंग तिला भिंतीकडे लोटीत असते. दांडा मिनिटास ६,००० वेढे घेतो तेव्हा प्रत्येक पट्टी कवचाच्या भिंतीवरून मिनिटात २,००० वेळा घासत जाते, आणि तीही धगधगत्या वायूत. ती झिजली, चिकटली वा थरथरली, की एका पोकळीचा वायू शेजारच्या पोकळीत शिरतो आणि एंजिन दुबळे होते.

जर्मनीत नेकार्सुल्म येथील एन.एस.यू. कारखान्यात हे एंजिन १९५७ साली प्रथम चालले. १९६१ मध्ये हिरोशिमाच्या कारखान्याने ते करण्याचा परवाना घेतला. जपानी सरकार त्या सुमारास लहान मोटार कारखान्यांस मोठ्यांत विलीन करण्याच्या विचारात होते आणि स्वतंत्र राहावयाचे तर जवळ काही असामान्य वस्तू असणे भाग होते. करार झाला व मग उमगले की आपण एंजिन नव्हे, दुखणे विकत घेतले. एंजिन काही काळ चालविले की कवचाच्या आतील गुळगुळीत क्रोमियमवर आडव्या लाटांसारखे ओरखडे उठत. टोकाच्या पट्ट्या भिंतीवर सरळ न घसरता थरथरत जात, त्याच्या या खुणा. हिरोशिमाच्या लोकांनी त्यांस ‘सैतानाची नखे’ असे नाव ठेविले. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली १९६३ च्या एप्रिलात ४७ जणांचे एक पथक या एकाच कामी नेमण्यात आले. स्वामीच्या मृत्यूचा सूड उगविणाऱ्या ४७ सामुराईंची कथा जपानात घरोघर माहीत आहे. तेव्हा या पथकासही तेच नाव पडावे हे ओघानेच आले. अखेरीस कर्बात ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी त्यांस सापडली आणि सैतानाची नखे बोथट झाली. तिकडे जर्मनीत मात्र पट्ट्यांनी दगा दिला. १९६७ साली निघालेल्या आरओ ८० या सुंदर गाडीची एंजिने इतक्या वेळा बदलून द्यावी लागली की, तिचे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले म्हणजे आपले कितवे एंजिन चालू आहे ते बोटे उंचावून एकमेकांस दाखवीत, असे सांगतात. १९६९ मध्ये तो कारखाना दुसऱ्याच्या पोटात गेला.

कारागिराचे दुकान म्हणजे घराच्या अंगणावर घातलेले पत्र्याचे छप्पर. चिखलाचे बूट बाहेर काढून आत जावे इतकी तेथील जमीन स्वच्छ. वय ऐंशीच्या घरात, अंगात निळा सदरा, कानावर पेन्सिल. आमच्या स्नेह्यांनी आमची ओळख करून दिली तेव्हा त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि आमच्या हातांकडे पाहिले. हात काम करणारे नाहीत हे त्यांच्या तत्काळ ध्यानी आले असावे, कारण त्यांनी आम्हांस एक स्टूल दाखविले, ते कामापासून चांगले चार हात दूर.

गाडीची कथा अशी. जवळच्या गावच्या एका गृहस्थाने ही कॉस्मो तरुणपणी घेतली व आयुष्यभर स्वतः चालविली. ते निवर्तले त्यास आठ वर्षे झाली. थोरल्या मुलाने गाडी पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेविली. पितरांच्या सणास तो कापड काढी, गाडी पुशी व पुन्हा झाकी. चालविण्याचे धैर्य होईना, न जाणो आपल्या हातून काही मोडले तर! धाकट्याचे म्हणणे गाडी विकावी. एकंदर १,१७६ च निघालेल्या या गाडीस आज जी किंमत येते, तीत दोघांच्या मुलांची शिक्षणे होतील. एके दिवशी गिऱ्हाईकास दाखवावी म्हणून त्याने नवी बॅटरी घालून गाडी महत्प्रयासाने सुरू केली, पडवीतून अंगणात आणली आणि लागलीच बंद केली. नंतर ती सुरू होईना. हे दोघे भाऊ त्या दिवशी दुकानात आले होते व एकमेकांकडे न पाहता उभे होते. भाषा कळत नव्हती, पण तो देखावा आम्हांस परका वाटला नाही. वाटणीच्या दिवशी उभे राहणारे भाऊ आम्ही आमच्याकडेही पाहिले आहेत.

म्हाताऱ्यांनी दोघांसही दोष दिला, आणि तो मोठ्या न्यायाने वाटून दिला. थंड एंजिन सुरू करून ते तापण्यापूर्वी बंद करणे हा या यंत्राच्या बाबतीत पहिला अपराध. न जळलेले पेट्रोल आत साचते, भिंतीवरचे तेल धुऊन नेते, पट्ट्यांस तेलाचा आधार राहत नाही आणि दाब निघून जातो. परंतु हे धाकट्याचे पाप किरकोळ. प्लग काढावेत, आतले पेट्रोल उडवून द्यावे, प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडावे, की बहुधा काम भागते. थोरल्याने केले ते अधिक वाईट. हे एंजिन मुळातच असे योजिलेले आहे की, एक छोटा पंप थोडेथोडे तेल आत सोडतो व ते पट्ट्यांबरोबर जळून जाते. “जे रोटरी तेल पीत नाही ते आजारी समजावे,” असे म्हातारे म्हणाले. गाडी चालते तोवर तेल मिळत राहते, पट्ट्या आपापल्या खाचांत हलत्या राहतात. ती उभी राहिली की तेल ओघळते, काजळी घट्ट होते आणि पट्टी खाचेत रुतून बसते. आठ वर्षे इतक्या भक्तीने पुसलेली गाडी आतून अशी बसली होती.

हे त्यांनी एंजिन न उघडताच कसे ओळखले ते आम्हांस विशेष पाहावयास मिळाले. पुढच्या त्रिकोणाचा प्लग काढून त्यांनी एंजिन नुसते फिरविण्यास सांगितले आणि डोळे मिटून कान दिला. त्रिकोणाच्या तीन बाजू, म्हणून प्रत्येक वेढ्यास भोकातून तीन फुसकारे यावयाचे, तिन्ही सारख्या जोराचे. येथे एक जोराचा व दोन दुबळे येत होते. लंगडणाऱ्या माणसाची चाल अंधारात ऐकू यावी तसे. एकच दुबळा असता तर बाजूच्या पट्टीवर संशय धरावयाचा. दोन दुबळे म्हणजे टोकाची पट्टी, कारण एक टोक शेजारच्या दोन पोकळ्यांच्या मध्ये असते व ते गळले की दोन्ही गळतात. हे निदान ऐकून आमच्या आजोबांकडे येणाऱ्या नाडीवैद्यांची आम्हांस आठवण झाली. फरक इतकाच की, येथे पुढे उघडून पाहण्याची सोय होती.

चार दिवस प्लगच्या भोकातून तेल सोडून, दांडा हाताने अर्धा इकडे अर्धा तिकडे फिरवून त्यांनी पट्टी मोकळी करण्याचा यत्न आम्ही येण्यापूर्वीच केला होता. ती हलली नाही. मग उघडणे आले. हे एंजिन उतरंडीसारखे रचलेले असते. एक बाजूचा पाट, मग कवच, मधला पाट, पुन्हा कवच, शेवटचा पाट, आणि या सर्वांतून आरपार गेलेले लांब बोल्ट. हे बोल्ट एकदम सोडावयाचे नाहीत. ठरलेल्या क्रमाने प्रत्येक थोडा, पुन्हा प्रत्येक थोडा. नाहीपेक्षा पाट वाकतो. या एका कामास त्यांनी पाऊण तास घेतला, आणि आमच्या स्नेह्यांनी जांभई दिली तेव्हा त्यांच्याकडे एकदा पाहिले.

पहिले कवच निघाले. रुतलेली पट्टी दिसली, ६० मिलिमीटर लांबीची काळी कांडी. आम्हांस वाटले, हीच बदलावयाची व झाले. पण म्हाताऱ्यांनी कवच उजेडाकडे धरले, नख फिरविले आणि ते भावांपुढे धरले. कडेस क्रोमियमचा मुलामा कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणे सुटला होता. त्यावरून नवी पट्टी फिरविली तर तीही महिन्याभरात जावयाची.

आता खरा प्रश्न उभा राहिला. पुढच्या काळातील आरएक्स-७ गाड्यांची गोष्ट वेगळी. त्या आठ लाखांहून अधिक निघाल्या, आणि त्यांच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे काही सुटे भाग कारखान्याने २०२० नंतर पुन्हा करून देण्यास आरंभ केला. १९७२ साली बंद झालेल्या कॉस्मोचे कवच ही काही दुकानात जाऊन आणण्याजोगी वस्तू नव्हे. धाकटा म्हणाला, पुढच्या गाडीचे मोठे एंजिन हिच्यात बसविता येते, पुष्कळजण बसवितात. ते खरेच आहे, म्हातारेही नाही म्हणाले नाहीत. थोरला म्हणाला, तसे करण्यापेक्षा आहे तशीच झाकून ठेवू. म्हातारे काही न बोलता आत गेले व तेलकट कागदात गुंडाळलेले एक कवच घेऊन आले. मोडीत निघालेल्या एका गाडीतून तीस वर्षांपूर्वी घेतलेले, निर्दोष, आणि असे त्यांच्यापाशी एकच. ते देण्यास त्यांची ना नव्हती. परंतु जी गाडी पुन्हा कापडाखालीच जावयाची तिला ते देणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. “मागाहून कोणी चालविणारा आला तर त्यास मी काय देऊ?” असे ते म्हणाले.

हे ऐकून आम्ही थोडे अस्वस्थ झालो. आमच्या घरी आजोबांचे लंबकाचे घड्याळ आहे. बिघडू नये म्हणून त्यास कोणी किल्ली देत नाही. सबब ते गेली पुष्कळ वर्षे सव्वाचारच दाखवीत आहे. आम्ही ही गोष्ट तेथे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आईस घेऊन आले. फार लहानखुरी बाई, हातात रुमालात बांधलेला खाऊचा डबा. एंजिनावाचून उभ्या असलेल्या गाडीत ती डावीकडच्या बैठकीवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या जागी, जाऊन बसली व बराच वेळ पुढे पाहत राहिली. मग मुलांशी दोनच वाक्ये बोलली. आमच्या स्नेह्यांनी त्यांचे मराठी केले ते असे: “तुमच्या वडिलांनी ही गाडी पुसण्यासाठी घेतली नव्हती. चालविणार असाल तर दुरुस्त करा, नाहीतर विका.” थोरल्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याने विचारले, महिन्यातून किती वेळा चालवावी लागेल?

जोडणीस पुढे दोन दिवस लागले. नव्या पट्ट्या, त्यांच्या स्प्रिंगा, कोपऱ्यांचे तुकडे, पाण्याच्या वाटांची रबरी कडी, सारे जागच्या जागी धरून ठेवण्यास ते व्हॅसलीन लावीत. आमच्याकडे ओठ फुटले म्हणजे लावतात तेच. प्रत्येक थर चढला की दांडा हाताने फिरवून पाहत. पाण्याच्या कड्यांविषयी ते विशेष काळजीत होते. या एंजिनात एकाच बाजूस सदैव आग असते व दुसऱ्या बाजूस सदैव थंड हवा शिरते. त्यामुळे कवच सारखे फुगत नाही, आणि एकदा का पाणी कमी पडून ते तापले की ही कडी जातात व पुन्हा सगळी उतरंड सोडावी लागते.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी सुरू केली. पहिल्या चार-पाच प्रयत्नांत नुसता घुरघुराट झाला. मग एकदम पेटली आणि व्हॅसलीन व तेल जळून असा पांढरा धूर निघाला की शेजारणीने खिडक्या लावून घेतल्या. या एंजिनाच्या आरंभीच्या काळी परीक्षेच्या गाड्यांस येथील लोक ‘काचिकाचि-यामा’ म्हणत. एका लोककथेत पाठीवरच्या लाकडांस आग लागलेले जनावर पळत सुटते, ती ही कथा. आम्हांस त्या नावाची आता पुरती प्रचीती आली. धूर हळूहळू विरला. आवाज साध्या मोटारीसारखा ठोके पडल्याचा नव्हता, एकसंध गुणगुणण्याचा होता. म्हाताऱ्यांनी धुराच्या नळीपुढे तळहात धरला, मान हलविली, पण बंद करू दिली नाही. पुरी तापेपर्यंत वीस मिनिटे सर्वजण तसेच उभे राहिलो.

मग त्यांनी थोरल्यास नियम सांगितले व त्याने ते वहीत लिहून घेतले. पहिले १,००० किलोमीटर जोर लावू नये. पेट्रोल भरताना दर वेळी तेलाची काडी पाहावी. थंड असता बंद करू नये. नंतर मात्र महिन्यातून दोनदा तरी तापल्यावर मोकळ्या रस्त्याने मनसोक्त पळवावी, म्हणजे काजळी बसत नाही. शेवटच्या नियमावर तो घुटमळला. धाकटा प्रथमच हसला व म्हणाला की तेवढे काम त्याजकडे द्यावे.

आई आपल्या जागी बसली. गाडी गल्लीच्या टोकाशी वळली तेव्हा मागचे ते दुभंगलेले दिवे क्षणभर लाल झाले. आम्ही परतलो तो म्हातारे आधीच आत गेले होते. पापुद्रा सुटलेले जुने कवच त्यांनी पुसले, तेलकट कागदात गुंडाळले, आणि चांगले कवच काढल्यामुळे फळीवर जी जागा रिकामी झाली होती तेथे ठेविले. असल्या कवचावर पुन्हा मुलामा चढवून देणारे कोणी आहेत असे त्यांनी ऐकले होते. पत्ता मिळवावयाचा होता.